फिशटँकच्या देखभालीचा करार आणि कधीच न सुधारणारे पाणी

घरातल्या गोड्या पाण्याच्या फिशटँकचे पाणी तपासणारा, बिघाडाचे निदान करणारा आणि त्यावरचे औषध विकणारा माणूस एकच असेल, तर पाणी सुधारण्यात त्याचा तोटा असतो. माझ्याकडे हा प्रकार बरेच महिने चालला. तो ज्या क्लृप्त्यांनी चालवला गेला त्या नव्याने मासे पाळणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाहीत, म्हणून हा अनुभव तपशिलात शिरून लिहीत आहे. विक्रेत्याचे नाव मुद्दाम दिलेले नाही. हा धंदा तो एकटाच असा करत असेल, असे मला वाटत नाही.

टँक, फिल्टर, हीटर आणि मासे एकाच ठिकाणाहून घेतले होते आणि त्याच वेळी देखभालीचा करारही झाला. विक्रेता स्वतः ठरलेल्या दिवशी घरी येणार, काच पुसणार, थोडे पाणी बदलणार, फिल्टर साफ करणार, आणि औषधे मात्र लागतील तशी वेगळे पैसे घेऊन देणार, असे त्यात ठरले होते. त्याची खरी कमाई या शेवटच्या अटीवर होती, हे पुढे कळले.

नव्या टँकचे पाणी सुरुवातीला दुधाळ होते. सेंद्रिय द्रव्यावर पोसणारे जिवाणू एकदम वाढल्यामुळे असे होते आणि बहुतेक वेळा काही दिवसांत ते आपोआप निवळते. मला मात्र पाणी स्वच्छ करणारे एक द्रावण घ्यायला लावले गेले. अशा द्रावणाने तरंगणारे कण एकमेकांना चिकटून फिल्टरमध्ये अडकतात आणि पाणी नितळ दिसू लागते, पण पाण्यात विरघळलेल्या, माशांना विषारी असणाऱ्या अमोनियावर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही. त्यामुळे काच लखलखीत दिसत होती आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत होते.

खरा खेळ फिल्टरमध्ये होता. माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो; जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो, आणि नायट्रेट आपण पाणी बदलून बाहेर काढतो. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. ते फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर आणि तळाच्या वाळूवर चिकटून वाढतात, आणि त्यांची पुरेशी वसाहत उभी राहायला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. हा विक्रेता प्रत्येक खेपेला जुना स्पंज काढून टाकून नवा बसवत असे आणि उरलेले सगळे नळाच्या धारेखाली खळाखळा धूत असे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन जंतू मारण्यासाठीच घातलेले असते, ते आपल्या उपयोगाचे जिवाणू वगळून बाकीचे मारत नाही. जुन्या स्पंजमध्ये रोगजंतू साठतात, असे कारण तो गंभीर चेहऱ्याने देत असे. परिणाम असा, की माझा टँक कायम पहिल्याच महिन्यात राहिला. स्पंज टँकमधूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळून पुन्हा बसवणे एवढेच काम होते. पण त्यात विकण्यासारखे काही नव्हते.

आता तपासणीविषयी. तो स्वतःचे थेंबांचे टेस्ट किट घेऊन येत असे आणि माझ्यासमोर काचेच्या नळीत पाणी घेऊन रंग दाखवत असे. अमोनियाची नळी हिरवी व्हायची. स्पंज नुकताच फेकला गेला असेल तर ती हिरवी होणारच. त्यानंतर तो नायट्रेट तपासायचा आणि नळी स्वच्छ पिवळी, म्हणजे नायट्रेट शून्य. यावरून तुमच्या टँकमध्ये जिवाणू जगतच नाहीत, असा निष्कर्ष काढून तो जिवंत जिवाणूंची म्हणून एक बाटली ओतायचा. नायट्रेटच्या किटमध्ये दोन बाटल्या असतात आणि त्यांतल्या दुसऱ्या बाटलीतला घटक तळाशी बसतो, म्हणून ती वापरण्यापूर्वी किमान तीस सेकंद जोरात हलवावी लागते; न हलवता थेंब टाकले तर नायट्रेट भरपूर असतानाही आकडा शून्याच्या आसपास येतो. मी स्वतः तसेच किट आणले, सूचनापत्रक वाचले आणि त्याच दिवशीचे पाणी बाटली नीट हलवून तपासले, तेव्हा नळी केशरी झाली. पुढच्या खेपेस बाटली हलवायला सांगितले, तर हलवल्याने औषध ‘उडते’ असे उत्तर मिळाले. त्याच्या डब्यात सूचनापत्रक नव्हते.

जिवाणूंच्या बाटल्यांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. अशी उत्पादने मुळातच खोटी नसतात, पण सजीव माल असल्यामुळे उत्पादनाची तारीख, मुदत आणि साठवणीचे तापमान यांवर त्यांचे सगळे अवलंबून असते. मला दिलेल्या बाटल्यांवर यांतले काहीच नव्हते. एक बाटली टँकखालच्या कपाटात राहिली आणि तिथल्या ओलीने तिच्या वेष्टणाची एक कड सुटली. नखाने ती हळूच उचलली, तर खाली दुसरे वेष्टण निघाले, क्लोरीन काढण्याच्या साध्या द्रावणाचे. तेच द्रावण टँकसोबत मला आधीच दिले गेले होते. नाकाशी नेल्यावर दोन्हींना गंधकाचा तोच मंद वास येत होता.

सर्वांत घातक प्रकार मात्र मिठाचा होता. अमोनिया खेचून घेणारे खास खडे म्हणून त्याने फिल्टरमध्ये पांढरट खड्यांची जाळीदार पिशवी ठेवली. ते झिओलाइट होते. झिओलाइट अमोनिया शोषतो हे खरे आहे, आणि काही दिवस पाणी खरोखर सुधारले. त्यानंतरच्या खेपेला माशांच्या पंखांवर पांढरे डाग दिसत असल्याचे सांगून त्याने टँकमध्ये मीठ घातले. मिठातले सोडियम झिओलाइटमध्ये अडकलेल्या अमोनियमची जागा घेते आणि तो पुन्हा पाण्यात सुटतो. वापरलेले झिओलाइट खाऱ्या पाण्यात बुडवून पुन्हा ताजे करतात ते याच गुणामुळे. म्हणजे बरेच दिवस साठवलेला अमोनिया थोड्याच वेळात माशांवर सोडला गेला. दुसऱ्या दिवशी मासे तळाशी कलंडून पडले होते, कल्ले लालभडक झाले होते आणि त्यांतले काही वाचले नाहीत. विक्रेत्याने निदान केले ते नळाच्या पाण्यातल्या दोषाचे, आणि उपाय सुचवला मोठा फिल्टर आणि पाणी गाळण्याचे यंत्र बसवण्याचा. घाईत तो खड्यांचे रिकामे पाकीट विसरून गेला होता. त्याच्या मागच्या बाजूला, बारीक पण स्पष्ट अक्षरांत, मिठासोबत वापरू नये असे छापलेले होते. पाकिटातून माल काढून जाळीच्या पिशवीत भरून आणण्याचे कारण तेव्हा उलगडले.

मीठ स्वतः वाईट नाही, हे येथे नोंदवायला हवे. नायट्राइट वाढलेले असताना मिठातले क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून रक्तात शिरण्यापासून बऱ्याच अंशी रोखते, आणि जाणकार ते विचारपूर्वक वापरतात. झिओलाइट फिल्टरमध्ये असताना ते घालणे हे मात्र त्या पाकिटावरची सूचना वाचलेल्या माणसाकडून अनवधानाने होणारे काम नव्हे.

तरीही संशयाचा फायदा द्यावा म्हणून एक परीक्षा घेतली. माझ्याच टँकचे पाणी एकाच भांड्यात काढून दोन सारख्या बाटल्यांत भरले. एक माझ्या टँकचे आणि दुसरे एका परिचिताच्या, नवा टँक घेऊ इच्छिणाऱ्याच्या जुन्या टँकचे, असे सांगून दोन्ही दुकानात तपासायला दिल्या. माझ्या पाण्यात अमोनिया धोकादायक निघाला आणि त्यासाठी दोन औषधे निघाली. परिचिताच्या पाण्यात अमोनिया नव्हता, पण टँक जुनाट असल्याने सगळाच बदलावा, असा सल्ला मिळाला. दोन्ही बाटल्यांतले पाणी एकच आहे हे सांगितल्यावर त्याने आधी किटला दोष दिला, नंतर बाटल्या धुतलेल्या नसतील म्हणाला, आणि शेवटी करारात पैसे परत करण्याची तरतूद नाही, हे वाचून दाखवले. ती तरतूद खरोखरच नव्हती. वेष्टणावर वेष्टण चिकटवलेली बाटली आणि पाकीट यांची छायाचित्रे समोर ठेवल्यावर उरलेल्या मुदतीची रक्कम तेवढी परत मिळाली. औषधांचे पैसे गेले ते गेले.

अमोनियाच्या आकड्याने घाबरवले जाऊ नये म्हणून आणखी एक बाब सांगतो. घरगुती किट एकूण अमोनिया मोजते, त्यातला विषारी मुक्त अमोनिया किती हे सामूवर (pH, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे त्याचा आकडा) आणि तापमानावर ठरते. पंचवीस अंश सेल्सिअसला सामू 7 असेल तर एकूण अमोनियाच्या जेमतेम अर्धा टक्का भाग मुक्त असतो. सामू 8 असेल तर तो सुमारे पाच टक्क्यांवर जातो. म्हणून सामू न सांगता नुसता अमोनियाचा आकडा दाखवून औषध विकणाऱ्याला सामू विचारावा. शिवाय काही किटमध्ये नेस्लर पद्धतीचे रसायन असते आणि क्लोरीन काढणारी द्रावणे त्यात खोटा वाढीव आकडा देऊ शकतात. विक्रेत्याने आधी द्रावण ओतायचे आणि लगेच त्या किटने तपासून अमोनिया दाखवायचा, हेही सहज घडू शकते. तपासणी कोणतेही औषध घालण्यापूर्वी, आपल्या डोळ्यांदेखत आणि शक्यतो आपल्याच किटने व्हावी.

सामू कमी करण्याच्या बाटल्यांपासूनही जपावे. त्यांतल्या काहींमध्ये फॉस्फेट असते, त्यावर शेवाळ पोसते, आणि मग शेवाळाचे औषध पुढे केले जाते. सामू मुळात का चढतो हे पाहायचे तर तळाच्या खड्यांवर व्हिनेगरचे थेंब टाकावेत. बुडबुडे आले तर ते खडे चुनखडीचे आहेत आणि कितीही औषध ओतले तरी सामू पुन्हा चढणार.

असा करार चालू असलेल्यांनी तो मोडल्यावर फिल्टर एका दिवसात रिकामा करू नये. झिओलाइटच्या खड्यांवरही जिवाणू बसलेले असतात आणि ते एकदम काढले तर टँक पुन्हा पहिल्या दिवसावर येतो. आधी मीठ घालणे थांबवावे, स्पंजला हात लावू नये, खाद्य निम्म्यावर आणावे आणि अमोनिया व नायट्राइट रोज तपासत, दोन्हींतले काहीही दिसले तर चौथा हिस्सा पाणी क्लोरीन काढून बदलावे. मी खडे थोडे थोडे करून काढले आणि प्रत्येक वेळी दोन्ही आकडे शून्यावर स्थिर झाल्याशिवाय पुढचे काढले नाहीत. त्याने शेवटचा बसवलेला स्पंज आता काळपट तपकिरी झाला आहे, आणि पाणी बदलायच्या दिवशी बादलीतल्या टँकच्याच पाण्यात एकदा पिळून तो परत बसवतो.