नाना पेठेत मिळणारा आर९ पेट्रोल पाइप: जुन्या अॅम्बेसेडर-पद्मिनीला कसा चालतो?

बोनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आणि कार्ब्युरेटरच्या तोंडाशी ओलसर डाग. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत हे दुखणं सध्या वाढलंय आणि त्यातला मोठा वाटा रबराचा आहे. पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या पुण्यातल्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेचा सहभाग असलेल्या २०१४-१५ च्या चाचण्यांत ई२० मुळे, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे, धातूंना काही झालं नाही, पण रबरी भाग साध्या पेट्रोलपेक्षा लवकर हार मानताना दिसले.

नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात जाऊन नुसतं 'पेट्रोल पाइप द्या' म्हटलं तर बहुधा दोनपैकी एक माल हातात पडतो. एक पारदर्शक प्लॅस्टिकचा. तो इंजिनच्या उष्णतेत आधी मऊ पडतो, मग पिवळा आणि कडक होतो. मोटारीत तो लावूच नये. दुसरा बाहेरून सुती वीण असलेला काळा पाइप. गाडीच्या मूळ रूपाला तो शोभतो आणि त्याच्या काळात तो बरोबरच होता, पण आतलं साधं नायट्राइल रबर इथेनॉलने फुगतं, मग सुकून तडकतं. वरची वीण त्या तडा झाकून ठेवते, म्हणून गळती दिसायला उशीर होतो.

मागायचा पाइप म्हणजे एसएई जे३० आर९, म्हणजे इंधनाच्या पाइपांच्या जे३० या मानकातला आर९ प्रकार. याच्या आत फ्लोरोइलास्टोमरचं, म्हणजे इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचं, पातळ अस्तर, मधे धाग्याची वीण आणि बाहेर जाड रबर असतं. पाइपवर 'आर९' छापलेलं स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. आर६ किंवा आर७ दाखवून 'तेच आहे, घेऊन जा' म्हटलं तर घेऊ नका, कारण दोन्हींत हे अस्तर नसतं. उत्पादनाची तारीख छापलेली असेल तर तीही बघा. वर्षानुवर्षं गुंडाळून पडलेला माल नको. आर९ १०० पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) दाब सोसतो आणि आपल्या गाडीचा मेकॅनिकल पेट्रोल पंप जेमतेम ३ ते ५ पीएसआय देतो. म्हणजे एवढ्या ताकदीची गरजच नाही. जास्तीचे पैसे जातात ते अस्तराचे, आणि ते वसूल होतात.

उणीव एकच, पण खरी: हा पाइप ताठ आहे. फिल्टर आणि कार्ब्युरेटर यांच्यामधे चार इंचांचा तुकडा ओढूनताणून बसवला की तो पितळी निपलला, म्हणजे पाइप ज्यावर चढतो त्या छोट्या नळीला, तरफेसारखा उचकतो. थोडा लांब तुकडा घेऊन मोठं वळण द्या आणि पाइप एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब ठेवा. अॅम्बेसेडरच्या बी-सिरीज इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, त्यामुळे तिथे गळणारा थेंब सरळ तापलेल्या लोखंडावर पडतो. अर्धा मीटर पुरतो. माप अंदाजाने घेऊ नका, निपलला व्हर्नियर लावा. ६ मिमीचा पाइप पाव इंची निपलवर घट्ट बसतो, पण ७ मिमीच्या निपलवर ८ मिमीचा पाइप क्लिप कितीही आवळली तरी पाझरणारच.

क्लिपांवर दोन पैसे जास्त घाला. आरपार खाचा असलेली स्वस्त वर्म क्लिप आवळताना रबर त्या खाचांत शिरतं आणि कापलं जातं. कडा वळवलेली, नट-बोल्टची छोटी इंजेक्शन क्लिप घ्या. तिला आवळायला फार थोडा वाव असतो, म्हणून पाइपचा बाहेरचा व्यास मोजूनच खरेदी करा.

पण नवीन पाइप आणण्याआधी गळती नक्की कुठे आहे ते शोधा. इंजिन गार असताना सगळे सांधे पुसून कोरडे करा आणि त्यांवर खडूची पूड भुरभुरा. मग पंपाचा हाताने मारायचा दांडा चालवा. जिथून पेट्रोल निघतं तिथे पांढऱ्या पुडीत गडद ठिपका उमटतो आणि बघता बघता पसरतो. ठिपका क्लिपपाशी नसून कार्ब्युरेटरच्या वरच्या झाकणाच्या गॅस्केटपाशी आला तर पाइप निर्दोष आहे. तिथे पेट्रोल आत येणं थांबवणारा नीडल व्हॉल्व्ह बंद होत नसेल किंवा तो व्हॉल्व्ह मिटवणाऱ्या तरंगत्या फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलं असेल. पितळी फ्लोट काढून कानाशी हलवा, आत पेट्रोल असेल तर खळखळ ऐकू येते. आणि ठिपका निपलच्या मुळाशी आला तर ते जास्त गंभीर. निपल जस्ताच्या झाकणात नुसतं ठोकून बसवलेलं असतं, ते ढिलं होऊन चालत्या गाडीत निसटू शकतं. चांगल्या लेथवाल्याकडून आटे पाडून स्क्रूचं निपल बसवून घ्या. टेफ्लॉन टेप कुठेही गुंडाळू नका, तिचे तंतू थेट जेटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रात, जातात.

काम मोकळ्या हवेत करा, तळमजल्याखालच्या पार्किंगमध्ये नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तिथे साचून राहते. बॅटरीची निगेटिव्ह काढा, अग्निशामक हाताशी ठेवा. जुना पाइप पिळून ओढू नका, ब्लेडने उभा चिरा, म्हणजे निपल हलत नाही. टाकीकडून पेट्रोल आपोआप वाहू लागलं तर त्या तोंडात बोल्ट खुपसा. नवा पाइप धारदार ब्लेडनेच सरळ कापा. हॅकसॉने रबराचा भुसा पडतो आणि तो नीडलखाली अडकतो. पाइप निपलवर २० ते २५ मिमी आत सरकवा. क्लिप निपलच्या उंचवट्यावर बसवू नका, त्याच्या मागे बसवा. पाइपच्या टोकापासून ३-४ मिमी अंतर सोडा. रबर कडेने किंचित फुगलं की आवळणं थांबवा. प्लॅस्टिकच्या फिल्टरवर तर याहून हलका हात हवा, नाहीतर त्याचं निपल तडकतं.

मग गाडी पंधरा मिनिटं चालवून बंद करा आणि लगेच बोनेट मिटू नका. इंजिन थांबल्यावर पाइपमधलं पेट्रोल तापून दाब चढतो, कच्चा सांधा तेव्हाच ओला होतो. गार झाल्यावर लागली तर क्लिप पाव फेरा आवळा, खडूची पूड पुन्हा टाका आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोरडी आहे का बघा.