बिलुंडला एकच दिवस असेल तर: लेगो हाऊस की लेगोलँड?

मार्च संपत आला की पुण्याहून किंवा ठाण्याहून कुणाचा तरी फोन येतोच. "मे महिन्यात मुलांना घेऊन येतोय, आई-बाबाही सोबत आहेत. ते लेगोचं गाव तुमच्यापासून जवळ आहे ना? एका दिवसात होईल?" आम्ही जर्मनीतल्या हॅम्बुर्गला राहतो. जोडायच्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांची खेळणी करणाऱ्या लेगो कंपनीचं गाव म्हणजे डेन्मार्कमधलं बिलुंड, इथून गाडीने तीन-साडेतीन तासांवर. जवळ आहे हे खरं, पण तिथे बघायच्या जागा दोन आहेत आणि त्या दोन्ही एका दिवसात कोंबायला गेलात तर एकही धड होत नाही. संध्याकाळी पोरं रडतात आणि मोठी माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. आम्ही हे करून बघितलंय.

आधी नावांचा घोळ मिटवू. लेगोलँड ही मोकळ्या आकाशाखालची मोठी बाग: पाळणे, रोलर कोस्टर, छोट्या बोटी. ती १९६८ सालची, जगातली पहिली लेगोलँड. लेगो हाऊस ही गावाच्या मधोमध उभी असलेली इमारत, २०१७ साली उघडलेली आणि पूर्ण छताखालची. दोन्हींमध्ये चालत वीस-पंचवीस मिनिटांचं अंतर आहे, तिकिटं मात्र वेगळी. "लेगोचं तिकीट काढलंय" असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, कुठलं?

लेगो हाऊसमध्ये पाळणे नाहीत. हे मुलांना गाडीत बसायच्या आधीच सांगा, म्हणजे दारात तोंडं पडणार नाहीत. बाहेरून बघाल तर एकवीस पांढरे महाकाय ठोकळे एकमेकांवर रचल्यासारखे दिसतात. आत सुमारे अडीच कोटी ठोकळे आहेत, आणि त्यातले पुष्कळसे हातात घेऊन खेळायचे. जिन्यातून वर चढणारं पंधरा मीटरहून उंच झाड एकट्यानेच त्यातले त्रेसष्ट लाख खाऊन बसलंय. बघण्याची गोष्ट तीच, बाकी बहुतेक करण्याच्या.

चार रंगांचे चार विभाग आहेत. लाल विभागात ठोकळ्यांचे हौद आहेत, मुलं त्यात कोपरापर्यंत हात घालून बसतात. निळ्यात गाडी बांधायची, उतारावरून सोडायची, ती तुटली की पुन्हा बांधायची. आमची लेक नऊ वर्षांची होती तेव्हा या एका उतारापाशी तासभर होती. मी तीनदा "चल आता" म्हटलं आणि चौथ्यांदा स्वतःच गाडी बांधायला घेतली. हिरव्यात आपलाच छोटा सिनेमा करता येतो, एकेक चित्र घेऊन, बाहुल्या इंचाइंचाने सरकवत. पिवळ्यात मासा बांधून यंत्राखाली धरला की तो समोरच्या पडद्यावरच्या पाण्यात पोहायला लागतो. चार वर्षांच्या भाच्याला हे इतकं आवडलं की त्याने एकामागून एक सात मासे पाण्यात सोडले.

थोडक्यात, ज्या मुलाला घरी ठोकळे घेऊन तासन्‌तास बसायची सवय आहे त्याच्यासाठी ही जागा आहे. ज्याला पाच मिनिटांत "आता काय?" विचारायची सवय आहे, त्याला इथे दुपारी दोननंतर कंटाळा येईल. त्याला लेगोलँडला न्या.

लेगोलँडबद्दल तसं फार सांगावं लागत नाही, कारण बागेचं गणित सगळ्यांना माहीत असतं: लवकर पोचायचं, मोठी राइड आधी गाठायची, दुपारी रांगा वाढल्या की सावली धरायची. एवढं मात्र लक्षात ठेवा की बऱ्याच राइडना उंचीची अट असते. घरून निघायच्या आधी भिंतीशी उभं करून मुलांची उंची मोजा आणि संकेतस्थळावर कोणती राइड जमेल ते पाहून घ्या. थोरल्याला चालतं आणि धाकटीला चालत नाही, असं झालं की आई एका रांगेत, बाबा दुसऱ्या रांगेत, आणि दिवस असाच निघून जातो. त्यातही मिनीलँड मला मनापासून आवडतं. कोपनहेगनचं नीहाउन बंदर, आम्स्टरडॅमची कालव्याकाठची घरं, सगळं ठोकळ्यांचं आणि गुडघ्याएवढं. राइडला घाबरणाऱ्यांसाठी तिथे अर्धा दिवस सहज जातो. सहा-सात वर्षांच्या पुढच्या पोरांना मात्र वेगच हवा असतो आणि तो इथे भरपूर आहे. एका रोलर कोस्टरवर तर गाडी थांबते आणि रुळासकट थेट खाली पडते. मी ती एकदाच केली, पुरे.

आता हवामान. याच एका मुद्द्यावर अर्धा निर्णय होतो. डेन्मार्कमध्ये मे महिन्यातही स्वेटर लागतो आणि पाऊस कधीही येतो. लेगोलँडला पावसात रेनकोट घालून फिरता येतं, पण भिजलेल्या बुटांत चार वर्षांच्या पोराला किती चालवणार? शिवाय बाग हिवाळ्यात बहुतेक काळ बंद असते. साधारण मार्चअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालते आणि त्यातही वसंतात नि शरदात अधले-मधले दिवस बंद असतात. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत येणाऱ्यांनी तारीख बघितल्याशिवाय मुलांना शब्द देऊ नये. लेगो हाऊस हिवाळ्यातही सुरू असतं. दिवाळीला येत असाल तर बहुधा तुमचा निर्णय कॅलेंडरनेच केलाय.

आजी-आजोबा सोबत असतील तर माझं मत ठामपणे लेगो हाऊसच्या बाजूने आहे. बसायला जागा, स्वच्छतागृह जवळ, वारा नाही, आणि मुलं एका ठिकाणी रमतात. तळघरात या कंपनीचा इतिहास मांडलाय, तो मुलांपेक्षा मोठ्यांसाठी आहे. ओले कर्क क्रिस्चनसेन हा सुतार. १९३२ साली त्याने लाकडी खेळणी करायला घेतली. डॅनिशमध्ये "लाय गॉट" म्हणजे "छान खेळ", त्यातून लेगो हे नाव आलं. आज आपण हातात घेतो त्या ठोकळ्याचं पेटंट १९५८ चं. १९६० साली आग लागून लाकडी खेळण्यांचा साठा जळाला, आणि तेव्हा त्यांनी लाकूड कायमचं सोडलं. माझ्या सासूबाई सावंतवाडीच्या, लाकडी खेळण्यांच्या चितार आळीजवळच्या. काचेतलं ते चाकांवरचं लाकडी बदक बघून त्या म्हणाल्या, "ह्यात काय, आमच्याकडे असली होती की." मग तिथेच उभ्या राहून त्यांनी नातीला लाकडी फळं कशी रंगवतात ते सांगितलं. दिवसभरात त्यांना सगळ्यात आवडलं ते हेच.

जेवणाचं बोलायलाच हवं. लेगो हाऊसमध्ये मिनी शेफ नावाचं एक उपाहारगृह आहे. तिथे रंगीत ठोकळे जोडून यंत्रात टाकायचे, म्हणजे ऑर्डर जाते. जेवण डब्यात बंद होऊन गोल घसरगुंडीसारख्या पट्ट्यावरून खाली येतं आणि दोन यंत्रमानव ते पुढे करतात. मुलं वेडी होतात. शाकाहारी असाल तर त्या दिवसाचा मेनू आधी पाहून ठेवा. लेगोलँडमध्ये बसून डबा खायला जागा आहेत, तिथे आमचे धपाटे नि लोणचं नेहमी चालतं. दोन्हीकडचे पैसे डॅनिश क्रोनरमध्ये, पण कार्ड सगळीकडे चालतं.

काहीजण तिसरा पर्याय विचारतात: बर्लिनच्या पोट्सडामर प्लाट्सला असलेलं लेगोलँड डिस्कव्हरी सेंटर. तेही छताखालचं, साधारण तीन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी, २००७ सालचं. दोन-तीन तासांत होतं. तुम्ही बर्लिन बघायला चाललाच असाल आणि बाहेर पाऊस असेल तर तिथे जा. बिलुंडच्या ऐवजी म्हणून जाऊ नका.

माझा हिशेब असा. मुलं पाचच्या आतली, पाऊस, किंवा आजी-आजोबा सोबत: लेगो हाऊस. मुलं सात ते बाराची, उन्हाचा अंदाज, आणि सोबत फक्त तरणीताठी माणसं: लेगोलँड. दोन दिवस काढता आले तर ऊन असेल तो दिवस लेगोलँडला द्या आणि दुसरा लेगो हाऊसला. लेगो हाऊसचं तिकीट वेळेनुसार मिळतं, सुट्ट्यांत आधी काढून ठेवा. तिकीट नाही मिळालं तरी इमारतीतला मधला चौक नि वरच्या गच्च्या फुकट आहेत, निदान तेवढं तरी बघून या.

लेगो हाऊसमधून निघताना एक यंत्र लाल ठोकळे बनवताना दिसतं आणि प्रत्येकाच्या हातात त्यातले सहा पडतात. ते सहा ठोकळे ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे जोडता येतात, आणि सोबत मिळणाऱ्या कार्डावर त्यातला एक प्रकार खास तुमचा म्हणून छापलेला असतो. ते आधी नीट पिशवीत ठेवा. आमचे दोन ठोकळे गाडीच्या सीटखाली गेले ते अजून सापडलेले नाहीत. आणि हो, डेन्मार्कच्या सीमेवर तपासणी होऊ शकते, तेव्हा आई-बाबांचे पासपोर्ट हॅम्बुर्गच्या कपाटात ठेवून निघू नका.