पीएच 5: जेवणाच्या टेबलावरचा जुना डॅनिश दिवा

विसाव्या शतकाच्या मध्यातील स्कँडिनेव्हियन आणि इटालियन दिवे जमवू पाहणाऱ्याने सुरुवात कोणत्या दिव्यापासून करावी, असे कोणी विचारले, तर मी डॅनिश रचनाकार पॉल हेनिंगसेन यांचा पीएच 5 हा छताला टांगायचा दिवा सुचवीन. पीएच ही त्यांच्या नावाची आद्याक्षरे. डेन्मार्कच्या लुई पोल्सेन कंपनीने तो 1958 साली बाजारात आणला आणि आजही तो तयार होतो. नावातला 5 हा आकडा मोठ्या शेडच्या 50 सेंटिमीटर व्यासाचा आहे. आमच्याकडचा दिवा जुना आहे. कोपनहेगनमध्ये राव्न्सबोर्गगाडे नावाचा रस्ता जुन्या सामानाच्या दुकानांसाठी ओळखला जातो, तिथून तो घेतला. त्याचा पांढरा रंग किंचित पिवळसर झाला आहे आणि एका कडेला बारीकसा पोचा आहे, पण या दोन्हींमुळे उजेडात काही फरक पडत नाही. जुना दिवा पारखताना तो लावून, त्याच्याखाली बसून पाहावा, असे माझे ठाम मत आहे.

उघडा बल्ब डोळ्यांना खुपतो आणि तो नुसता झाकला तर उजेड वाया जातो, या अडचणीवर हेनिंगसेन 1920च्या दशकापासून काम करत होते. त्यांनी एकावर एक अशा तीन शेडची रचना केली आणि शेडचा बाक लॉगरिदमिक सर्पिलावर बेतला, म्हणजे बल्बपासून निघालेला प्रकाश शेडच्या प्रत्येक बिंदूवर सारख्याच कोनात पडतो आणि शेडवर सौम्यपणे पसरतो. पुढे बल्बचे कारखाने बल्बचा आकार वरचेवर बदलू लागले, तेव्हा कोणताही बल्ब लावला तरी तो कुठूनही दिसणार नाही असा दिवा त्यांनी आखला. तो हा पीएच 5. आतल्या लहान भागांना लाल आणि निळा रंग आहे, तोही शोभेपुरता नव्हे. मानवी डोळा पिवळ्या-हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक आणि तांबड्या-निळ्या टोकांना कमी प्रतिसाद देतो, म्हणून ही दोन टोके थोडी बळकट करावीत, असा हेनिंगसेन यांचा हिशेब होता. आमच्या टेबलावर आमटीवरचा तांबूस तवंग आणि वर पेरलेली हिरवीगार कोथिंबीर वेगवेगळी, स्वच्छ दिसतात. समोर बसलेल्याच्या चेहऱ्यावर बाजूने मऊ उजेड येतो, डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडत नाहीत, आणि मान वर करून पाहिले तरी बल्ब नजरेस पडत नाही.

जुना दिवा घेताना बाहेरच्या चकाकीला भुलू नये. शेड आतून पाहावी. मूळचा आतला रंग मंद, बिनचकाकीचा असतो, आणि त्यामुळेच प्रकाश पसरतो. विकण्यापूर्वी कोणी त्यावर चकचकीत रंगाचा हात मारला असेल, तर शेडवर प्रखर पट्टे उमटतात आणि दिव्याचा सगळा अर्थच जातो. असा दिवा कितीही देखणा दिसला तरी मी घेणार नाही. पोचा चालेल, आतला लाल किंवा निळा भाग गहाळ असलेला चालणार नाही. शेड जोडणाऱ्या पट्ट्या वाकलेल्या असतील, तर टांगल्यावर शेड तिरकी दिसते, तेही तपासावे. जुन्या वायरचे आवरण बहुधा कडक होऊन तडकलेले असते आणि अर्थिंगची तार असेलच याची खात्री नसते. दिवा धातूचा असल्याने जाणकार वायरमनकडून वायर आणि होल्डर बदलून घेतल्याशिवाय तो वापरू नये.

भारतात नेणाऱ्यांना व्होल्टेजची अडचण नाही, कारण दोन्हीकडे 230 व्होल्ट आहे. होल्डर मात्र आट्यांचा आहे, आपल्याकडचा खटक्याचा बल्ब त्यात बसणार नाही. एलईडी बल्बचा होल्डरकडचा अर्धा भाग प्लास्टिकचा आणि अपारदर्शक असेल, तर प्रकाश एकाच दिशेला जातो आणि वरच्या शेड अंधारात राहतात. सर्व बाजूंना उजेड टाकणारा, फिलामेंटच्या धर्तीचा एलईडी आणि तोही 2700 केल्विनचा, म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचा, घेतला की दिवा पुरता उजळतो.

इटालियन दिव्यांमध्ये विको माजिस्ट्रेट्टी यांचा 1965 चा एक्लिसे दुसऱ्या खरेदीसाठी मला योग्य वाटतो. आर्टेमिदे कंपनीच्या या छोट्या दिव्याला 1967 साली कोम्पासो द'ओरो हा इटलीतला औद्योगिक रचनेचा पुरस्कार मिळाला. आतले कवच फिरवत नेले की बल्ब ग्रहण लागल्यासारखा झाकला जातो आणि उशाशी हवा तेवढाच उजेड उरतो. जुना नग घेताना ते कवच न अडखळता फिरते का, हे हाताने पाहावे. कास्तिल्योनी बंधूंचा 1962 चा आर्को हा जमिनीवर उभा करायचा कमानदार दिवा मला फार आवडतो, पण त्याची संगमरवरी बैठक सुमारे 65 किलोची असून तिच्यातल्या भोकात दांडा घालून ती दोघांनी उचलावी लागते. बदलीच्या नोकरीत आणि भाड्याच्या घरात त्याचा विचार करू नये.

पीएच 5 ची एक मर्यादा सांगायला हवी. त्याचा बराचसा उजेड खाली टेबलावर पडतो, छत आणि खोलीचे कोपरे अंधारेच राहतात, तेव्हा त्याच खोलीत मुले अभ्यासाला बसणार असतील तर वेगळा दिवा लागेल. शिवाय दिवा एकदा टांगला की टेबलाची जागा बदलता येत नाही. टेबलापासून दिव्याच्या खालच्या कडेपर्यंत सुमारे 60 सेंटिमीटर अंतर ठेवावे. उंच टांगला तर तो खोलीभर उजेड देईल या आशेने अनेक जण तसे करतात, पण त्याने खोली उजळत नाही आणि ताटावरचा उजेडही फिका पडतो.