हाक ऐकायची की हवा तपासायची?

परग्रहावरचे जीव शोधायच्या दोन वाटा आहेत. एक, कुणी हाक मारतंय का म्हणून रेडिओ दुर्बिणीने कान देऊन बसायचं. दुसरी, दूरच्या ग्रहाच्या हवेत सजीवांच्या खुणा सापडतात का ते पाहायचं.

पहिली वाट १९६० साली खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेतल्या ग्रीन बँकच्या दुर्बिणीने सुरू केली. तिच्यावरचा सगळ्यात गाजलेला क्षण म्हणजे १५ ऑगस्ट १९७७ ला अमेरिकेतल्याच ओहायोच्या रेडिओ दुर्बिणीला मिळालेला संकेत. संगणकाच्या छापील कागदावर आकड्यांची नुसती रांगोळी. तिथले खगोलशास्त्रज्ञ जेरी एमन यांनी त्यातल्या ‘६ईक्यूयूजे५’ या, संकेताचा जोर दाखवणाऱ्या अक्षर-आकड्यांभोवती लाल शाईने गोल केला आणि शेजारी लिहिलं, ‘वॉव!’ ७२ सेकंदांचा तो संकेत पुन्हा कितीही शोधला तरी आला नाही. या वाटेची खरी अडचण हीच: समोरच्याकडे तंत्रज्ञान हवं, आणि आपण ऐकतोय नेमकं तेव्हाच त्याचं बोलणं इथे पोचायला हवं.

जंतूंना बोलावं लागत नाही. ग्रह ताऱ्यासमोरून सरकतो तेव्हा त्याच्या हवेतून गाळून आलेल्या प्रकाशात वायूंच्या खुणा उमटतात. सुमारे १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी ग्रहावर जेम्स वेब दुर्बिणीला मिथेन असाच सापडला. पण मिथेन जीवांशिवायही तयार होतो, त्यामुळे इथले वाद लवकर मिटत नाहीत. उलट, रेडिओच्या अरुंद पट्ट्यातला, म्हणजे एकाच ठरावीक कंप्रतेच्या आसपासचा, कृत्रिम संकेत पुन्हापुन्हा मिळाला, तर शंकेला फारशी जागा उरणार नाही.

तरी पृथ्वीवर अब्जावधी वर्षं सूक्ष्मजीवच नांदत होते, आणि रेडिओ येऊन जेमतेम सव्वाशे वर्षं झाली. पैज लावायची तर मी हवेवरच लावीन.