मिनर्व्हाचं प्रिंट सुंदर आलंय, पण हे शाईचं चित्र नव्हे

जॉन फ्लॅक्समन या जुन्या इंग्रज शिल्पकार-चित्रकाराचं मिनर्व्हा देवीचं चित्र किती दिवस मनात होतं, शेवटी गेल्या महिन्यात एका ऑनलाइन दुकानातून ए३ साइझचं प्रिंट मागवलं. होमरच्या इलियड या ग्रीक महाकाव्यातला प्रसंग आहे, योद्धा अकिलीस चिडून आपल्याच सेनापतीवर, ॲगामेम्नॉनवर तलवार उपसायला निघालाय आणि मिनर्व्हा त्याला आवरते, आणि ती दिसते फक्त त्यालाच. ग्रीकांची अथीना ती, पण तेव्हा इंग्रज लोक ग्रीक देवांनाही रोमन नावंच लावायचे म्हणून मिनर्व्हा.

आधी चांगलं सांगते. कागद जाड, मॅट, किंचित पिवळसर, ट्यूबमधून आलं आणि कुठे घडी नाही की डाग नाही. आणि रेघा तर काय सांगू, या चित्रात शेडिंग जवळजवळ नाहीच, जुन्या ग्रीक भांड्यांवरच्या माणसांसारखं सगळं नुसत्या रेघेवर उभं आहे, त्यामुळे प्रिंटमध्ये रेघ फुटली की चित्रच गेलं. इथे भिंग लावून बघितलं तरी वस्त्राची प्रत्येक चुणी स्वच्छ आहे.

पण साइटवर लिहिलं होतं 'मूळ शाईच्या चित्राचं प्रिंट' आणि आलंय एन्ग्रेव्हिंगचं, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्राचं. फ्लॅक्समनने रोममध्ये राहून ही चित्रं पेनने काढली, मग तोमासो पिरोलीने ती तांब्याच्या पत्र्यावर कोरली आणि १७९३ मध्ये तिथेच छापली गेली. खाली कोपऱ्यात पिरोलीचं नाव दिसलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. दुकानवाल्यांना विचारलं तर म्हणे चित्र तेच आहे ना. नाही हो, तेच नाही! पेनच्या रेघेत हात कळतो, कुठे दाब जास्त, कुठे शाई फिकी, मधेच पेन्सिलची खूण राहिलेली, आणि इथली कोरलेली रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ सारखी. मला तो हात हवा होता, त्याचेच पैसे मोजले होते.

रिफंड देतो म्हणाले, पण प्रिंट मी ठेवून घेतलं, कारण एन्ग्रेव्हिंग म्हणून ते खरंच उत्तम आहे. तीन स्टार, ते वर्णन बदललंत तर पाच देईन. तुम्ही मागवणार असाल तर आधी खालच्या कडेचा क्लोजअप फोटो मागा, तिथे कोरणाऱ्याचं नाव किंवा छापील ओळी असतील तर ते शाईचं चित्र नाही. आणि फ्रेमवाल्याला ती कड कापू देऊ नका, माझा कापायलाच निघाला होता.