दोन लिटरचा वेट ग्राइंडर गोव्याच्या वाटपाला किती उपयोगी?

माशाच्या हुमणाचं, मिश्र भाज्यांच्या खतखत्याचं, भाजलेल्या मसाल्याच्या शाकुतीचं वाटप, म्हणजे मसाल्यासकट वाटलेलं खोबरं, मिक्सरमध्ये होतं का? होतं. रोज लाखो घरांत होतंच आहे. पण त्याच हुमणाचा रस भातावर घातला की पाणी एकीकडे पळतं आणि चोथा भातावर राहतो. असं का होतं ते कळलं, की वेट ग्राइंडरवर, म्हणजे दगडांनी ओलं वाटणाऱ्या यंत्रावर, पाच हजार रुपये घालायचे की नाही हे दुकानदाराला विचारावं लागत नाही.

मिक्सरचं पातं मिनिटाला हजारो फेरे मारतं आणि खोबरं कापतं. तुकडे कितीही बारीक झाले तरी ते तुकडेच. त्यात भांडं तापतं. तापलं की ओल्या खोबऱ्यातलं तेल सुटायला लागतं, म्हणून तिसऱ्या घाण्याचं वाटप बोटाला कोमट आणि बुळबुळीत लागतं. ग्राइंडरचे दगड सावकाश फिरतात आणि खोबरं चिरडतात. रस आणि गर वेगळे न होता एकजीव होतात, आणि पंचवीस मिनिटांनंतरही वाटप गारच असतं. हाताने फिरवायच्या दगडी रगड्यावर होतं ते हेच. ‘आईच्या हातची चव’ म्हणून जे आपण सांगत फिरतो, त्यातला बराचसा वाटा त्या दगडाचा असतो आणि त्याच्यापुढे पाऊण तास वाकलेल्या पाठीचा.

हे यंत्र मुळात इडली-डोशासाठी झालं. कोईमतूरच्या पी. सभापती यांनी १९५५ मध्ये पहिला वेट ग्राइंडर केला असं मानतात, आणि कोईमतूरच्या वेट ग्राइंडरला पुढे भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यामुळे सोबतच्या पुस्तिकेत सगळी मापं उडीद-तांदळाची असतात. नारळाचं एकही नाही. आपल्याकडे नेमकं नारळालाच तो घ्यायचा असतो, म्हणून खालचं सगळं सविस्तर.

नारळाचं गणित

दोन लिटरच्या भांड्यात एका वेळी मध्यम आकाराचे तीन नारळ, त्याहून जास्त नको. किमान मात्र एक पूर्ण नारळ हवाच. अर्ध्या नारळाचं वाटप सगळं भांड्याच्या कडेला जाऊन चिकटतं, दगड मोकळे फिरतात, आणि दगडावर दगड घासला की वाटपात कच येते. चौघांच्या घरात रोज अर्धाच नारळ लागत असेल तर हे यंत्र रोजचं नाही, आठवड्याचं आहे. हे आधीच मान्य करून घ्यावं, नाहीतर महिन्याभरात ते माळ्यावर जातं.

खोबरं आदोळीवर (खवणीच्या विळीवर) बारीक, आखूड काढलेलं असावं. पाठीचा तपकिरी भाग आला तर रंग काळपट येतोच, शिवाय तो कडक असल्याने शेवटपर्यंत कणी राहते. जून, सुकत आलेला नारळ घेऊ नये. त्याला चिरडलं की दूध सुटायच्या आधी तेल सुटतं.

दोन नारळांच्या हुमणाच्या वाटपाला सोळा ते अठरा सुक्या मिरच्या, दोन मोठे चमचे धणे, एक लहान चमचा हळद, लिंबाएवढी चिंच आणि एक मध्यम कांदा. बांगड्याचं तेफळं (तिरफळं) घालून करायचं असेल तर कांदा वगळावा. मिरच्या कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवाव्यात. काणकोणची खोला मिरची लवकर मऊ होते; बेडगीला अर्धा तास द्यावा. धणे मात्र आधी मिक्सरमध्ये कोरडे फिरवून घ्यावेत. गोल आणि कडक दाणा दगडाखालून घरंगळत राहतो, पंचवीस मिनिटांनीही त्याची टरफलं तशीच दिसतात.

क्रम चुकला की सगळं चुकतं. आधी यंत्र सुरू करायचं, मग अर्धी वाटी पाणी आणि भिजलेल्या मिरच्या. पाच मिनिटांत त्यांचा लगदा झाला की खोबरं मूठ-मूठ करून, एक मूठ दगडाखाली गेल्यावर दुसरी. सगळं एकदम ओतलं तर दगड वर उचलले जातात आणि नुसते सरकत राहतात. पाणी चमच्या-चमच्याने. जास्त पाणी झालं की खोबरं दगडांना सापडत नाही, पोहत राहतं, आणि मग वाटपाऐवजी रोस, म्हणजे नारळाचं दूध, तयार होतो. चिंच आणि कांदा शेवटच्या आठ-दहा मिनिटांत.

तेफळं यात घालूच नयेत. बी वाटली गेली की कडू होतं. ती वेगळी ठेचून, बी काढून, उकळीला घालायची.

झालं की नाही हे घड्याळापेक्षा बोटांना विचारावं. अंगठा आणि तर्जनीत चोळून गंधासारखं लागलं की हुमणाला तयार. दोन नारळांना साधारण पंचवीस मिनिटं लागतात. खतखत्याला इतकं बारीक नको. तेरा-चौदा मिनिटांवर थांबवलं की किंचित रवाळ राहतं आणि सुरण, माडीचा कंद, नीरफणस, कणसाचे तुकडे यांना धरून बसतं. गंधासारखं वाटप घातलेलं खतखतं डाळीच्या आमटीसारखं दिसायला लागतं. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, वीस-पंचवीस माणसांना तीन नारळांचं वाटप पुरतं, म्हणजे बरोबर एक घाणा.

शाकुतीला जरा बेत बदलावा लागतो. भाजलेलं खोबरं तेलकट असतं, ते दगडाखाली घसरतं. लवंग, दालचिनी, बडीशेप, धणे मिक्सरमध्ये कोरडे करून घ्यावेत. खसखस कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून ग्राइंडरमध्ये सगळ्यात आधी एकटीच घालावी. मिक्सरचं पातं खसखशीला चुकवतं, दगड चुकवत नाही. शाकुतीचा रस दाट आणि मऊ होतो तो इथे. मग भाजलेलं खोबरं पूर्ण निवल्यावर. गरम घातलं तर तेल वर येतं आणि भांड्याची कड खरवडणाऱ्या वायपरच्या पट्टीला थर बसतो.

पातोळ्या आणि सान्नां

हळदीच्या पानात उकडायच्या पातोळ्या आणि इडलीसारखी सान्नां, या दोन्हींत यंत्र वादातीत चांगलं. पातोळ्यांचा लेप पानावर पसरून राहायला हवा, वाहायला नको. दोन वाट्या कच्चे तांदूळ चार तास भिजवून, पूर्ण निथळून, पाऊण वाटी पाण्यात पंचवीस मिनिटं. मिक्सरला इतक्या कमी पाण्यात पातं अडकतं म्हणून आपण पाणी वाढवतो आणि मग हळदीच्या पानाच्या टोकाकडून लेप गळतो. उकडे तांदूळ मात्र नकोत, चिकट होतात.

सान्नांच्या उडदाची तऱ्हा वेगळी. दगडाखाली पीठ हळूहळू फिरताना त्यात हवा मिसळते, एक वाटी डाळ अर्ध्या तासात फुलून चौपट दिसते. पाण्याच्या वाटीत थेंब सोडला आणि तरंगला की थांबवावं. तांदूळ वेगळे वाटावेत.

जिथे घेऊ नये

मणगण्याच्या खिरीचा किंवा सोलकढीचा रोस यात काढू नये. पातळ झालं की दगड पाणी उडवतात, आणि खोबरं इतकं बारीक होतं की फडक्यातून पिळताना चोथाही खाली उतरतो. इथे मिक्सरच बरा. लसूण-आल्याची गोळी, चटणी, दोन चमचे मसाला यांचंही तेच.

सोबत मिळणारी खोबरं खवणायची जोडणी पाठीसकट खरवडते. आदोळी ज्या घरात आहे तिथे तिचा काही उपयोग नाही. कणीक मळायच्या आकड्याबद्दल न बोललेलंच बरं. या दोन वस्तूंसाठी जास्त पैसे मागितले तर सरळ नाही म्हणावं.

घेताना

टेबलटॉप आणि तिरपा होणारा, असे दोन प्रकार. टेबलटॉपचं भांडं दगडासकट उचलून ओतावं लागतं. ओलं, तेलकट, जड भांडं ज्या घरात साठीच्या पुढची बाई उचलणार असेल, तिथे तिरप्याचे जास्तीचे पैसे वाचवू नयेत. तिरपा पाठीला बरा, पण जागा अडवतो आणि वजनाने इतका असतो की एकदा ठेवला तिथेच राहतो.

दगड ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावेत, रंग उतरला तर तो दगड घ्यायचा नाही. दगडांचा ताण घट्ट-सैल करणारा स्क्रू हाताने फिरतो का हे दुकानातच बघावं. खोबऱ्याला उडदापेक्षा थोडा जास्त ताण लागतो. सैल राहिला तर रवाळ, फार आवळला तर पट्टा घसरतो आणि रबर जळल्याचा वास येतो. वायपरची पट्टी भांड्याला टेकलेली हवी. कागदाचा तुकडा मध्ये सहज सरकत असेल तर तेवढ्या फटीतलं खोबरं न वाटलेलंच राहणार.

नवीन दगडांची कच काढण्यासाठी एक वाटी भिजवलेले तांदूळ दहा मिनिटं वाटून फेकून द्यावेत, दुसऱ्यांदाही. तिसऱ्या वेळचं पीठ दातांखाली धरून बघावं, किरकिरलं तर आणखी एकदा.

पावसाळ्यात

चवथ येते भाद्रपदात, म्हणजे वीज जाण्या-येण्याच्या दिवसांत. भांड्यात वाटप असताना वीज गेली तर आधी बटण बंद करावं. परत आल्यावर भरल्या भांड्यावर सुरू केलं की मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही, आणि तशीच ठेवली तर जळते. अर्धं वाटप काढून, दगड मोकळे करून सुरू करावं, मग काढलेलं परत घालावं. दाब कमी असेल तर दिवे मंद दिसतातच, तेव्हा थांबावं. बऱ्याच यंत्रांत मोटर तापली की आपोआप बंद होते आणि तळाशी लहान बटण असतं. वीस मिनिटं थांबून ते दाबलं की सुरू. हे ठाऊक नसल्याने चांगली यंत्रं दुरुस्तीला जातात.

धुण्याचं म्हणाल तर पहिलं पाणी टाकायचं नाही. अर्धी वाटी कोमट पाणी घालून दोन मिनिटं फिरवावं आणि ते त्याच कालवणात घालावं, दगडाला चिकटलेलं चांगलं मूठभर वाटप त्यात येतं. दुसऱ्यांदा थोडं तांदळाचं पीठ घालून, म्हणजे खोबऱ्याची ओशटी निघते. दगड आणि दांडा वेगळे करून रात्रभर उघड्यावर वाळवावेत. इथल्या दमट हवेत ओले दगड झाकून ठेवले तर दोन दिवसांत खवट वास, आणि तो पुढच्या वाटपात उतरतो. हळदीचा डाग दगडावरून जात नाही, तो सोडून द्यावा.

मुलांसाठी बांधून द्यायचं

पुण्याला, बंगळुरूला परत जाणाऱ्या लेकरांच्या बॅगेत वाटपाच्या पिशव्या घालणाऱ्या आया गोव्यात काही कमी नाहीत, आणि यंत्राचा खरा फायदा इथेही दिसतो. कमी पाण्यातलं वाटप गोठल्यावर त्यात बर्फाचे खडे होत नाहीत, सुटल्यावर फुटत नाही. त्यात कांदा आणि चिंच घालू नये. कांद्याचा वास चढतो, आणि चिंच तिथे गेल्यावर घालता येते. अर्ध्या नारळाची एक पिशवी, म्हणजे दोघांचं एक जेवण. पिशवी चपटी करून गोठवावी, गोळा करून नव्हे: चपटी लवकर गोठते आणि हवी तेवढी मोडून घेता येते. रात्रीच्या बसला वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्यांत गुंडाळून, कपड्यांच्या मधोमध. पोचल्यावर सुटलेली पिशवी परत गोठवायची नाही, त्याच दिवशी वापरायची. लांबचा प्रवास असेल तर कच्च्यापेक्षा शाकुतीचं भाजलेलं वाटप जास्त टिकतं.

एक गोष्ट पुस्तिकेत नसते. रगडा फिरवायला सवय लागायची, म्हणून ते काम जावा-जावांतच फिरत राहिलं. हे यंत्र मात्र मूठ-मूठ खोबरं घालत उभं राहणाऱ्या कोणालाही जमतं, गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधून झाल्यावर ओसरीवर बसलेल्या मंडळींनाही.

पट्टा हा एकच भाग असा की तो न सांगता जातो. जास्तीचा एक घरात ठेवावा, आणि चवथीच्या आदल्या आठवड्यात तीन नारळांचा एक पूर्ण घाणा काढून पाहावा. तुटायचा असेल तर तेव्हाच तुटू दे. तयेच्या, म्हणजे चवथीच्या आदल्या, दिवशी दुरुस्तीवाला स्वतःच्या मूळ घरी गेलेला असतो.