लक्षद्वीपची ‘समुद्रम’ जहाजफेरी: कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय

लक्षद्वीपला विमानाने जाणारा प्रवासी अगत्तीला उतरतो आणि बहुधा तिथल्याच आसपास रमतो. या द्वीपसमूहाचा भूगोल आणि इतिहास समजून घ्यायचा असेल, तर कोचीहून निघणारी पाच दिवसांची ‘समुद्रम’ जहाजफेरी कितीतरी उजवी. जहाज रात्री चालतं, दिवसा एकेका बेटावर उतरवतं आणि संध्याकाळी परत घेतं. कोचीपासून कल्पेनी 287 किलोमीटर, मिनिकॉय 398, तर कवरत्ती 404. वस्तीची बेटं दहाच. सगळ्या द्वीपसमूहाची जमीन जेमतेम 32 चौरस किलोमीटर, पण बेटांनी कुशीत घेतलेलं उथळ पाणी, म्हणजे लगून, सुमारे 4,200 चौरस किलोमीटर.

हे प्रमाण नकाशात कळत नाही, होडीतून उतरताना कळतं. जहाज बहुतेक वेळा प्रवाळकड्याबाहेर खोल पाण्यात थांबतं. बाजूचं दार उघडतं आणि स्थानिक होड्या खाली येऊन लागतात. होडी लाटेबरोबर वरखाली होत असते. ती वर येऊन क्षणभर स्थिरावते तेव्हाच पाऊल टाकायचं, तेही होडीवाल्याने सांगितल्यावर. पिशवी पाठीवर, दोन्ही हात मोकळे, पायात न घसरणारी चप्पल-बूट. बहुतेक गडबड होते ती हातात मोबाइल धरल्यामुळे, नाहीतर लाट उतरत असताना उडी मारल्यामुळे. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावं. या फेरीचा सगळ्यात अवघड भाग हाच आहे. कड्याच्या तोंडातून आत शिरलं की निळं पाणी एकदम फिकट हिरवं होतं. इथे कंकणद्वीपाची, म्हणजे लगूनभोवतीच्या कड्यासारख्या प्रवाळबेटाची, व्याख्या पाठ करावी लागत नाही.

कल्पेनीला पूर्वेचा किनारा चुकवू नका. प्रवाळाच्या तुकड्यांचा तिथे पडलेला लांबच लांब बांध 1847 च्या वादळाने फेकलेला आहे. त्या वादळाने बेटांचं अर्थकारण मोडलं. कण्णूरच्या अरक्कल घराण्याकडे तेव्हा ही बेटं होती. मदतीसाठी इंग्रजांकडून उचललेलं कर्ज फिटलं नाही आणि त्यापायी कारभार इंग्रजांच्या हाती गेला. उत्तरेकडची अमिनी गटाची बेटं टिपू सुलतानाकडे गेली होती; ती त्याआधीच, त्याच्या पाडावानंतर 1799 मध्ये, इंग्रजांकडे आली होती. फेरीच्या कार्यक्रमात कयाक आणि स्नॉर्कलिंगलाच जास्त वेळ असतो, त्यामुळे हा बांध पाहायचा असेल तर सकाळीच मार्गदर्शकाला सांगून ठेवा.

स्नॉर्कलिंगसाठी भरतीची वेळ विचारून घ्या. ओहोटीला पाणी इतकं उथळ होतं की पोट आणि गुडघे प्रवाळाला घासतात. जखम लवकर बरी होत नाही, आणि प्रवाळही तुटतं. 1998, 2010 आणि 2016 मध्ये पाणी तापल्याने इथलं बरंच प्रवाळ पांढरं पडून मेलं. उरलेल्यावर उभं राहू नका. प्रवाळाचा तुकडा सोबत आणणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, किनाऱ्यावर पडलेला असला तरी.

कवरत्ती 1964 पासून राजधानी. उजरा मशिदीच्या लाकडी छतावरचं कोरीवकाम सावकाश पाहण्यासारखं आहे. खांदे-गुडघे झाकणारे कपडे हवेतच. इथे आणखी एक गोष्ट बघावी, ती म्हणजे पाणी. बेटाखाली पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगतं. उपसा वाढला की विहीर खारी होते. म्हणून 2005 मध्ये इथे दिवसाला एक लाख लिटर गोडं पाणी देणारा प्रकल्प उभा राहिला. पृष्ठभागावरच्या कोमट समुद्रपाण्याची कमी दाबाखाली वाफ करायची आणि खोल समुद्रातून ओढलेल्या थंड पाण्याने तिचं परत पाणी करायचं, अशी ही योजना. हे कळल्यावर नळ उघडा ठेवायला हात धजत नाही.

मिनिकॉयला जाताना जहाज नऊ अंश अक्षांशावरची ‘नऊ अंशांची खाडी’ ओलांडतं. सुमारे 200 किलोमीटरचा हा पट्टा उघडा समुद्र आहे आणि इथेच अनेकांना बोट लागते. गोळी निघण्यापूर्वी तासभर आधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. पोट अगदी रिकामं ठेवू नका. केबिन निवडता आली तर जहाजाच्या मधली, खालच्या मजल्यावरची घ्या.

मिनिकॉय मालदीवच्या कुळीचं आहे: भाषा महल, लिपी उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी थाना. इतर बेटांवर जसरी ही मलयाळमची बोली चालते. 1885 च्या दीपगृहावर चढा. बेटाचा कोयत्यासारखा आकार आणि पश्चिमेचं लगून एका नजरेत येतं. इथले मच्छीमार लगूनमधली बारीक मासळी जिवंत पकडून नेतात, समुद्रात ती फेकून आणि पाण्याचे फवारे मारून कुपा (ट्यूना) जवळ आणतात, आणि एकेक मासा गळाने उचलतात. जाळ्यात सापडून कासवं मरण्याचा प्रश्नच येत नाही. उकडून, धुरी देऊन, उन्हात वाळवलेला कुपा, म्हणजे ‘मास’, लाकडासारखा कडक होतो. घ्यायचाच तर इथून घ्या आणि घट्ट डब्यात भरा, नाहीतर केबिनभर वास राहतो.

कमी वाटतो तो वेळ. जेवण आणि होड्यांची ये-जा धरली तर बेटावर हाती पाच-सहा तासच लागतात, आणि मिनिकॉयला ते फार अपुरे पडतात. पावसाळ्यात ही फेरी बंद असते. प्रवेश-परवान्याचं काम आरक्षणाबरोबरच होतं, पण ओळखपत्रावरचं नाव आणि अर्जातलं नाव अक्षरशः जुळू द्या. बेटांचा क्रम आणि तारखा बदलतात, म्हणून कोचीहून परतीचं रेल्वे-विमान तिकीट एक दिवस राखूनच काढा.